निळ्या झिलईचा प्रवास : डेल्फ्ट आणि बीदर

आपल्या घरी फडताळात लोणच्याची एक तरी बरणी असतेच. तिचे अंग गुळगुळीत आणि स्पर्शाला थंड. वर्षभर खार आत राहिला तरी तिला बाहेरून ओल फुटत नाही. तिला आपण चिनी मातीची बरणी म्हणतो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, ही माती खरोखरच चीनहून येते काय?" वर्गात हशा पिकला. आम्हीही क्षणभर हसलो. परंतु उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे नीट उत्तर द्यावयाचे म्हणजे चीन, इराक, इराण आणि हॉलंड असा मोठा फेरा घ्यावा लागतो. आणि तो पुरा करून आपण शेवटी जेथे येऊन पोहोचतो ते आपले बीदरच असते. त्या दिवशी तासाची घंटा झाली आणि उत्तर अर्धे राहिले. ते येथे पुरे करीत आहोत.

मडके, बरणी आणि चिनी पेला

प्रथम मातीच्या भांड्यांतील तीन जाती ओळखून घेऊ. आपल्या गावचा कुंभार आव्यात भाजतो ते मडके ही पहिली जात. याला लागणारी आच बेताची असते. माती कडक होते, पण तिचे कण एकमेकांत वितळून मिसळत नाहीत. मध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते. उन्हाळ्यात जी गोष्ट गुणाची, तीच लोणच्याच्या दृष्टीने दोषाची. म्हणून लोणचे मडक्यात टिकत नाही.

दुसरी जात बरणीची. तिची माती निराळी आणि आच पुष्कळ अधिक, सुमारे १२०० अंशांची. त्या आचेत मातीचे कण वितळून एकजीव होतात आणि भांडे दगडासारखे घट्ट बनते.

तिसरी जात खऱ्या चिनी भांड्यांची. तिलाच पोर्सेलिन म्हणतात. यासाठी केओलिन नावाची शुभ्र माती लागते आणि तिच्यात एका विशिष्ट खडकाची पूड मिसळावी लागते. चीनमधील जिंगदेजेन या कुंभारनगरीजवळ गावलिंग नावाचे ठिकाण आहे. त्याच्याच नावावरून या मातीला केओलिन हे नाव पडले. हे मिश्रण सुमारे १३०० अंशांच्या आचेत भाजले की, त्याचे पांढरे, कठीण आणि काहीसे पारदर्शक भांडे तयार होते. असा पेला उजेडापुढे धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. त्यास टिचकी मारली तर घंटेसारखा स्वच्छ नाद उठतो. ही विद्या चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ आहे. युरोपला मात्र ती अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत साधली नव्हती.

तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे : माती चीनहून येत नाही, नाव मात्र तेथून आले. उत्तम भांडी चीनची, म्हणून उत्तम भांड्यांची माती 'चिनी'. इंग्रजांनीही अशा भांड्यांना 'चायना' असेच नाव दिले. ज्या वस्तूला दुसऱ्या देशाच्या नावाने ओळखतात, त्या वस्तूचा त्या देशाने केवढा दबदबा निर्माण केला असेल! आणि जेथे दबदबा, तेथे नक्कल ही आलीच.

कथलाची करामत

नवव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या राज्यात चिनी भांडी समुद्रमार्गे येऊ लागली. बसऱ्याच्या कुंभारांनी ती पाहिली. त्यांच्यापाशी केओलिन नव्हते आणि तेवढी आच देणाऱ्या भट्ट्याही नव्हत्या. होती ती नेहमीची पिवळसर माती. मग त्यांनी युक्ती काढली. आतली माती पांढरी करता येत नसेल, तर तिच्यावर पांढरा पडदा ओढावा.

तो पडदा कशाचा? झिलई म्हणजे काचेचाच पातळ थर. वाळू, शिसे किंवा क्षार यांची पूड पाण्यात कालवून भांड्यावर चढवितात. आच लागली की, ती वितळते आणि भांड्याला चिकटलेली काच बनते. ही काच पारदर्शक असते, तिच्यातून खालची पिवळी माती दिसते. परंतु तिच्यात कथलाची राख मिसळली तर कथलाचे सूक्ष्म कण काचेत न विरघळता तरंगत राहतात. ते प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि काच दुधासारखी पांढरी, अपारदर्शक दिसू लागते. आपल्या गावी कल्हईवाला येतो तेव्हा तांब्यापितळेची भांडी कथलानेच उजळून निघतात. तो कथील धातूच्या रूपात वापरतो आणि कुंभार भस्माच्या रूपात, एवढाच फरक. आतली वस्तू तीच, वरचे रूप मात्र निराळे.

या पांढऱ्या अंगावर बसऱ्याच्या कुंभारांनी निळ्या रंगाने फुले आणि पाने काढली. ही झिलईची विद्या पुढे उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये, तेथून इटलीत आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कारागिरांबरोबर अँटवर्प शहरात पोहोचली. १५८५ मध्ये स्पॅनिश फौजांनी अँटवर्प जिंकले, तेव्हा अनेक कारागीर उत्तरेकडे हॉलंडात गेले. डेल्फ्टची कथा येथून सुरू होते. पण तत्पूर्वी त्या निळ्या रंगाची हकीकत सांगितली पाहिजे.

निळा रंग कोणाचा?

हा रंग कोबाल्ट नावाच्या धातूपासून मिळतो. त्याचा अंश अत्यल्प असला तरी काच गडद निळी होते. बहुतेक रंग मोठ्या आचेत जळून वा विटून जातात. कोबाल्ट मात्र १३०० अंशांतही आपला निळेपणा सोडीत नाही. जगभरच्या कुंभारांनी निळ्या रंगाची कास धरली याचे मुख्य कारण हेच होय. त्याचे नावही गमतीचे आहे. जर्मनीतील खाणकामगारांना हे खनिज फार त्रास देई. म्हणून त्यांनी त्याला खाणीतील खट्याळ भुताचे नाव दिले. १७३५ च्या सुमारास गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते भूत म्हणजे एक स्वतंत्र धातू असल्याचे दाखवून दिले.

चौदाव्या शतकात चीनवर मंगोलांचे राज्य असताना इराणच्या खाणींतील कोबाल्ट जिंगदेजेनला जाऊ लागले. पांढऱ्या पोर्सेलिनवर निळी नक्षी काढण्याची कला तेथे बहरली ती या इराणी रंगाच्या बळावर. इ. स. १३५१ हे वर्ष ज्यांवर लिहिलेले आहे असे निळ्या नक्षीचे दोन चिनी कलश आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. म्हणजे पाहा : पांढरे अंग चीनचे, निळा रंग इराणचा. चिनी भांड्याची नक्कल बसऱ्याने केली. तिच्यावर निळी फुले काढली. आणि पुढे तीच निळाई चीनने उचलून आपलीशी केली. इतकेच नव्हे, तर नवव्या शतकात इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ बुडालेले एक जहाज १९९८ मध्ये सापडले, त्यातील हजारो चिनी भांड्यांमध्ये निळ्या नक्षीच्या तीन तबकड्याही मिळाल्या. त्या काळीही हा देवघेवीचा व्यवहार सुरू झाला होता, याची ही साक्ष.

डेल्फ्टचे कुंभार

आता हॉलंडकडे वळू. हॉलंडच्या लोकांना आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत 'वलंदेज' म्हटलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची जी गणना आहे, तीत हे नाव येते. या वलंदेजांनी १६०२ मध्ये आपली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली आणि १६३७ मध्ये कोकणात वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे अवशेष आजही तेथे पाहावयास मिळतात. १६०३ मध्ये त्यांनी सिंगापूरजवळ सांता कातारिना नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यातील चिनी भांड्यांचा पुढील वर्षी ॲमस्टरडॅममध्ये लिलाव झाला आणि युरोपातील श्रीमंतांना या भांड्यांचे वेड लागले.

पण १६४४ मध्ये चीनमधील मिंग घराण्याची सत्ता कोसळली. यादवी माजली, जिंगदेजेनच्या भट्ट्या थंडावल्या आणि हॉलंडात येणारा माल तुटला. मागणी तर तशीच होती. ही संधी डेल्फ्ट या छोट्या शहराच्या कुंभारांनी साधली. त्या शहरातील बियर गाळण्याचा जुना धंदा तेव्हा बसत चालला होता. त्याच्या रिकाम्या इमारती भट्ट्यांसाठी आयत्याच मिळाल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे तीसहून अधिक कारखाने चालत होते. १६५३ मध्ये सुरू झालेला त्यांतील एक कारखाना आजही नांदता आहे.

त्यांच्यापाशीही केओलिन नव्हते. होती ती बसऱ्याच्या कुंभारांची कथलाची युक्ती, आठशे वर्षे प्रवास करून आलेली. आतली माती पिवळसर, वरती कथलाची पांढरी झिलई आणि तिच्यावर कोबाल्टची निळी नक्षी. दुरून पाहणाऱ्यास ती चिनीच वाटावी. मात्र काठ उडाला की, आतली माती दिसे आणि खरे काय ते कळे.

काम कसे चाले?

माती चाळून, गाळून, वेगवेगळ्या ठिकाणच्या मातींशी मिसळून तयार करीत. तीत चुन्याचा अंश असलेली माती मुद्दाम घालीत, म्हणजे झिलई अंगाला धरून राहते व तडकत नाही. चाकावर घडविलेले भांडे वाळवून एकदा भाजीत. मग ते कथलाच्या पांढऱ्या कालवणात बुडवीत. भांडे सच्छिद्र असल्याने पाणी तत्काळ शोषले जाई आणि अंगावर पांढऱ्या पिठाचा थर राही. या थरावर चित्र काढावयाचे. खरी परीक्षा येथे होई. ओल्या कुंचल्यातील रंग कोरडे पीठ क्षणात पिऊन टाकी. एकदा उमटलेली रेघ पुसता येत नसे.

म्हणून नक्षीची बाह्यरेषा आधी छापून घेत. कागदावर चित्र काढून त्याच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडीत. तो कागद भांड्यावर ठेवून वरून कोळशाची पूड झटकीत. छिद्रांतून पूड खाली उतरे आणि ठिपक्यांची रेषा उमटे. आमच्या विद्यार्थिनींना ही रीत निराळी सांगावयास नको. दिवाळीत अंगणात छिद्रांच्या कागदावरून रांगोळी उमटवितात, तीच ही. चित्र पुरे झाले की, त्यावर पारदर्शक झिलईचा एक हात देत आणि भांडे दुसऱ्यांदा भाजीत. त्या वेळी दोन्ही झिलया वितळून एक होत आणि निळा रंग त्यांच्या पोटात कायमचा बसे.

प्रारंभी या चित्रकारांनी चिनी डोंगर, चिनी माणसे, कमळे आणि पक्षी काढले. चीन त्यांनी पाहिलेला नव्हता. पण हळूहळू त्यांच्या कुंचल्यात त्यांचा स्वतःचा देश उतरू लागला : पवनचक्क्या, कालवे, शिडाची जहाजे, ट्यूलिपची फुले, बायबलातील प्रसंग. घराच्या भिंतींना लावण्यासाठी सुमारे पाच इंच चौरस लाद्या बनत. त्यांवर लहान मुलांचे खेळही असत. कोणी भोवरा फिरवितो आहे, कोणी चाक पळवितो आहे, कोणी पतंग उडवितो आहे. डेल्फ्टचाच थोर चित्रकार व्हर्मीर याच्या दूध ओतणाऱ्या दासीच्या चित्रात भिंतीच्या पायथ्याशी अशाच लाद्या बसविलेल्या दिसतात. तिच्यासारख्या साध्या घरकामाच्या जागेतही ही कला पोहोचली होती. चिनी भांड्यांनी राजवाडे सजले. डेल्फ्टच्या लाद्यांनी स्वयंपाकघरेही सजविली.

इराणहून बीदरला

ही झाली पश्चिमेकडे गेलेली शाखा. दुसरी शाखा आपल्या दाराशी आली आहे.

इराणी कुंभारांनी चिनी पोर्सेलिनला आणखी एक उत्तर शोधले होते. गारेच्या दगडाची बारीक पूड, थोडी काच व थोडी पांढरी माती मिसळून त्यांनी शुभ्र अंगाची भांडी आणि लाद्या बनविल्या. काशान हे शहर या कामासाठी इतके प्रसिद्ध झाले की, अशा लादीला फारसीत 'काशी' हेच नाव पडले. जयपूरची निळी भांडी आजही मुख्यत्वे गारेच्या पुडीचीच बनतात. ती याच घराण्यातील होत.

पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या दरबारी इराणातून विद्वान, सैनिक, व्यापारी आणि कारागीर येऊ लागले. त्यांच्याबरोबर निळ्या झिलईची हौसही आली. बीदरजवळ अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांत १४५८ मध्ये निवर्तलेल्या अलाउद्दीन अहमदशहाच्या कबरीच्या दर्शनी कमानींभोवती निळ्या लाद्यांचे काम अद्याप शिल्लक आहे. किल्ल्यातील तख्त महालाच्या कमानींवर वाघ व सूर्य यांची चिन्हे झिलईच्या लाद्यांनीच घडविली होती. रंगीन महालाला तर नावच रंगांवरून मिळाले. तेथे रंगीत लाद्यांच्या जोडीला कोरीव लाकूड आणि काळ्या दगडात बसविलेले शिंपल्याचे काम पाहावयास सापडते.

पण या सर्वांत मुकुटमणी म्हणजे महमूद गवान याचा मदरसा. गवान हा मूळचा इराणातील गीलान प्रांताचा. व्यापारी म्हणून तो दक्षिणेत आला आणि आपल्या बुद्धीच्या बळावर बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बीदरला ही विद्याशाळा पुरी केली. तीन मजली इमारत, मध्ये चौक, विद्यार्थ्यांसाठी खोल्या, मशीद आणि ग्रंथालय अशी तिची रचना. दर्शनी भिंत आणि मनोरा निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या झिलईने मढविलेला. मनोऱ्यावर नागमोडी पट्टे, भिंतीवर वेलबुट्टी आणि सुंदर वळणाची अक्षरे.

हे काम डेल्फ्टहून निराळ्या पद्धतीचे. इराणी रीत अशी की, एकेका रंगाची लादी स्वतंत्र भाजावयाची, मग छिन्नीने तिचे हवे त्या आकाराचे तुकडे कापावयाचे आणि ते एकमेकांना बिलगून चुन्यात बसवावयाचे. पान एका लादीचे, देठ दुसरीचा, भोवतालची निळाई तिसरीची. डेल्फ्टचा कारागीर कुंचल्याने चित्र काढतो, तर इराणी कारागीर तुकडे जोडून चित्र घडवितो. एकाची चूक पुसता येत नाही. दुसऱ्याचा तुकडा एक रेसभर चुकला तर पुढची सारी वेल बिघडते. कष्ट दोघांचेही सारखेच.

दोन शहरे, दोन स्फोट

या दोन शहरांच्या इतिहासात एक विलक्षण साम्य आहे. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी डेल्फ्टमधील दारूच्या कोठाराचा स्फोट झाला. शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, शंभरावर माणसे मेली. कारेल फॅब्रिशियस हा गुणी चित्रकार त्या दिवशी आपल्या घरातच गाडला गेला.

मदरशाचा निर्माता महमूद गवान याला शत्रूंनी रचलेल्या खोट्या आरोपावरून १४८१ मध्येच देहान्त शिक्षा झाली होती. पुढे मोगल अमलात त्याच्या विद्याशाळेत सैन्य राहू लागले आणि जेथे ग्रंथ होते तेथे दारू साठविण्यात आली. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या दारूचा भडका उडाला. वीज पडल्याने तो उडाला असे सांगतात. दर्शनी बाजूच्या दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला आणि त्याबरोबर इमारतीचा काही भागही गेला. आज आपण पाहतो तो मनोरा एकटाच उभा आहे.

डेल्फ्ट पुन्हा उभे राहिले, कारण तेथे भट्ट्या पेटत्या होत्या आणि हात शिकलेले होते. त्या स्फोटानंतरची पन्नास-साठ वर्षे हाच तेथील कुंभारकामाचा भरभराटीचा काळ होय. बीदरच्या भिंतीवरून गळालेली लादी पुन्हा भाजणारा मात्र कोणी राहिला नव्हता. कला भिंतीवर असते तोवर ती भिंतीइतकीच टिकते. हातांत असते तोवर भिंत पडली तरी ती टिकते. या दोन शहरांनी आपणांस दिलेला हा धडा आहे.

बीदरमध्येच याची उलट साक्षही आहे. बिदरी काम इराणी वळणाचे. पण ते येथील कारागिरांच्या हातांत उतरले. जस्त व तांबे यांचे ओतीव भांडे, त्यात चांदीची जडण आणि नवसागराबरोबर बीदरच्या किल्ल्यातील मातीचा लेप देऊन आणलेला गडद काळा रंग. ही कला आजही बीदरच्या गल्ल्यांत जिवंत आहे. किल्ल्याच्या लाद्या गळाल्या, किल्ल्याची माती मात्र अद्याप कामास येते!

नक्कल म्हणजे काय?

आमच्या शाळेत परीक्षेच्या वेळी नक्कल करणाऱ्यास शिक्षा होते. मग ज्यांनी चिनी भांड्यांची नक्कल केली त्या बसऱ्याच्या आणि डेल्फ्टच्या कुंभारांचा गौरव आपण का करावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

आमच्या मते भेद असा. परीक्षेत नक्कल करणारा उत्तर उचलतो. ते कसे आले हे त्याला ठाऊक नसते आणि जाणून घेण्याची इच्छाही नसते. डेल्फ्टच्या कुंभाराला उत्तर दिसत होते, पण ते त्याच्या मातीने त्याला लिहिता येत नव्हते. त्याला आपल्या मातीचा, आपल्या आचेचा, आपल्या कथलाचा अभ्यास करावा लागला. जे साधावयाचे ते साधले नाहीच. खरे पोर्सेलिन युरोपात प्रथम साधले ते जर्मनीत, बॉटगर आणि त्याच्या सहकाऱ्यांना १७०८ मध्ये, आणि १७१० मध्ये मायसेन येथे त्याचा कारखाना निघाला. पण पोर्सेलिन साधण्याच्या खटपटीत डेल्फ्टला जे साधले ते चीनपाशीही नव्हते. मग चीन व जपानच्या कुंभारांनीही डच गिऱ्हाइकांसाठी डच नमुन्यांची भांडी घडविली. शिष्य गुरूचा गुरू झाला.

तरी दुसरी बाजूही लपवू नये. नक्कल कधी कधी मूळ धंद्याच्या मुळावर येते. आपल्या कोरोमंडल किनाऱ्याचे रंगविलेले चीट युरोपने उचलले. प्रथम आयात केले, मग त्याची नक्कल केली आणि आमच्या मालावर बंदी घातली. पुढे यंत्रांवर छापलेले कापड आमच्याच बाजारात आणून विकले. डेल्फ्टवरही तीच वेळ आली. अठराव्या शतकात इंग्लंडची स्वस्त, हलकी आणि मजबूत भांडी बाजारात आली आणि डेल्फ्टचे बहुतेक कारखाने बंद पडले. तेव्हा नक्कल ही नुसती चांगली किंवा नुसती वाईट नसते. जो नकलेतून शिकतो तो वाढतो; जो नकलेने दुसऱ्याचे हात तोडतो, त्याचे यश कितीही मोठे असो, ते निर्मळ नव्हे.

एका कपच्याची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन संतपूरहून बीदरला गेलो होतो. मदरशाच्या चौकात फिरत असताना एका विद्यार्थिनीला भिंतीच्या कडेला नखाएवढा निळा कपचा सापडला. तिने तो आणून आमच्या तळहातावर ठेवला. एका बाजूस खरबरीत अंग, दुसऱ्या बाजूस काचेचा पातळ थर. पाचशे वर्षांची ऊन-पावसाची झळ सोसूनही त्याचा निळा रंग तिळमात्र उणा झाला नव्हता. सर्वांनी पाळीपाळीने तो पाहिला. कोणी म्हणाले, शाळेच्या संग्रहात ठेवू. कोणी म्हणाले, एवढासा तर आहे, कोण विचारतो?

आम्हांसही मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. शाळेच्या कपाटात तो शोभला असता. परंतु त्या मुलीनेच विचारले, "गुरुजी, प्रत्येक सहलीने एक एक नेला तर?" या प्रश्नापुढे आमचे सारे व्याख्यान फिके पडले. १९५८ च्या कायद्याने अशा वास्तूंना संरक्षण दिलेले आहे. तेथील वस्तू उचलून नेणे हा गुन्हा होय. पण त्या मुलीला कायदा ठाऊक नव्हता. तिला हिशेब ठाऊक होता. आम्ही तो कपचा तेथील पहारेकऱ्याच्या स्वाधीन केला आणि परतलो.

लादी भिंतीवरून का गळते, हेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. झिलई आणि तिच्या मागचे अंग उन्हाने सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे बारीक चिरा पडतात. पावसाचे पाणी त्यांतून आत जाते, भिंतीतील क्षार विरघळवून बाहेर आणते, आणि ते क्षार वाळताना लादीला मागून रेटतात. ऊन आणि पाऊस यांना आपण आवरू शकत नाही. हातांना आवरू शकतो.

अभ्यासासाठी

घरातील मडके, बरणी आणि चहाची बशी यांना हलकेच टिचकी मारून आवाजातील फरक ऐकावा. फुटक्या बशीचा काठ भिंगातून पाहावा. आत-बाहेर एकच पांढरे अंग आहे की पांढऱ्या झिलईखाली निराळी माती आहे, हे पाहून ती कोणत्या जातीची ते ठरवावे. कुंभारकाकांकडे जाऊन आवा कसा रचतात आणि आच किती वेळ देतात हे विचारून वहीत टिपून घ्यावे. आणि गोव्यास जाण्याचा योग आला तर पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या लाद्यांची मोठी चित्रे अवश्य पाहावीत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने ती १९३५ मध्ये केली. अशा लादीला पोर्तुगीज भाषेत अझुलेजो म्हणतात आणि तो शब्द अरबीतून आलेला आहे. बसऱ्याची ती जुनी युक्ती कोठे कोठे जाऊन पोहोचली, हे मग आपोआप ध्यानात येईल.

बरणीविषयी प्रश्न विचारणारा विद्यार्थी आता नववीत आहे. त्याला आमचे पुरे उत्तर इतकेच : माती जिकडची तिकडेच राहते, बाळ, प्रवास करते ती विद्या. ती ज्याच्या दाराशी येते त्याने तिला घरात घ्यावे, शिकावे आणि आपल्या मातीत रुजवावे. बीदरच्या भिंतीवरील निळाई आपल्या दाराशी येऊन पाचशे वर्षे थांबली आहे.